धर्मादायाचा एक वाटा रजोनिवृत्तीच्या संशोधनाला

दानाच्या बाबतीत व्यापारी वर्गाला उपदेश करणे म्हणजे सूर्याला दिवा दाखविण्यासारखे आहे. ज्यांच्या पेढ्यांवरील धर्मादाय खात्यांतून धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ, पाठशाळा आणि दवाखाने उभे राहिले, त्यांना दानाचे महत्त्व कोणी सांगावे? तथापि दान कोणत्या कामी लावावे, याचा विचार प्रत्येक पिढीने नव्याने करावयाचा असतो. आपल्या सभांतून ज्याचे नावही सहसा उच्चारले जात नाही, असे एक काम येथे सुचवावयाचे आहे. ते म्हणजे स्त्रियांच्या रजोनिवृत्तीविषयीचे वैद्यकीय संशोधन.

मासिक पाळी कायमची थांबण्याचे वय भारतीय स्त्रियांत सरासरीने ४६-४७ च्या आसपास येते. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या सुमारास असते. या काळात शरीरातील इस्ट्रोजेन हा अंतःस्राव घटतो. त्यामुळे अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घाम सुटून झोप मोडते, मन उदास वा चिडके होते आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्यानंतरही स्त्रीला पंचवीस-तीस वर्षे संसार पाहावयाचा असतो. घरात या तक्रारींची बोळवण “वयाचा दोष” या दोन शब्दांनी होते. स्त्री संकोचाने बोलत नाही आणि पुरुष संकोचाने विचारीत नाही.

न विचारण्याची किंमत मात्र मोठी असते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. दुसरे उदाहरण बीडचे. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. त्यांतील पुष्कळ स्त्रिया चाळिशीच्या आतील होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येऊन उभी राहते. जिथे स्त्रीच्या दुखण्याचे ज्ञान नाही, तिथे शस्त्रक्रिया हेच सोपे उत्तर ठरते.

कोणी म्हणेल, संशोधन हे सरकारचे व औषध कंपन्यांचे काम. आपण रुग्णालयाला एखादी खोली बांधून द्यावी, म्हणजे झाले. पण व्यापाऱ्याला हे सांगावयास नको की, ज्या मालात नफा नाही तो माल कोणी साठवून ठेवीत नाही. कंपनी आपल्या औषधापुरता प्रश्न विचारते. या विकारावरील एक प्रसिद्ध औषध अमेरिकेत १९४२ पासून गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढले जात आले आहे. ते हृदयाचेही रक्षण करते, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकन सरकारच्या पैशाने सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर या औषधाची दुसऱ्या एका अंतःस्रावाच्या जोडीने चाचणी झाली. २००२ साली ती मध्येच थांबवावी लागली, कारण हृदयाचे रक्षण तर दिसले नाहीच, उलट स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. मग सर्वत्र भीती पसरली. पुढील अभ्यासाने असेही दाखविले की, साठीच्या आत व पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत लाभ-हानीचा हिशेब निराळा पडतो. अवास्तव आशा काय आणि अवास्तव भीती काय, दोन्ही अभ्यासानेच दूर होतात.

आता आपल्या घरातील प्रश्न पाहा. जी स्त्री सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाही आणि पर्युषणात उपवास करते, तिने रात्रीच्या घामाने होणारी पाण्याची तूट कशी भरून काढावी? प्राणिज औषध ज्यांना वर्ज्य आहे, त्यांना वनस्पतिजन्य द्रव्यापासून केलेले कोणते औषध किती मानवेल? शाकाहारी स्त्रीची हाडे कोणत्या आहाराने टिकतील? हे प्रश्न परदेशातील प्रयोगशाळा आपल्या वतीने विचारणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागतील.

संशोधन म्हणजे निव्वळ कागद रंगविणे, असे गंधवानीच्या बाजारात तरी कोणी म्हणू नये. आज माळव्याच्या मंडयांतून ज्या सोयाबीनची उलाढाल होते, ते पीक संशोधकांच्या हातून येथे रुजले. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने त्यावर काम केले आणि १९८७ पासून इंदूरला त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. दाण्याच्या अभ्यासावर पेढ्या उभ्या राहिल्या. तो दाणा काढणाऱ्या व शिजविणाऱ्या स्त्रीच्या देहाचा अभ्यास आपल्याला परका का वाटावा?

लहान देणग्यांनी काय होणार, ही शंकाही टिकत नाही. अमेरिकेत १९३८ पासून लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवून पोलिओच्या संशोधनाला हातभार लावला. १९५५ साली डॉ. साल्क यांची लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले, ते त्याच निधीचे फळ होय. आपल्याकडची धर्मादाय लाग याच जातीची. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली निर्णय दिला की, व्यापाऱ्याने धर्मादाय म्हणून वसूल केलेली रक्कम ही त्याची मिळकत नव्हे. ती धर्मकार्यासाठी त्याच्याकडे सोपविलेली असते. ही लाग पुष्कळदा शेतकऱ्याच्या पट्टीतूनही कापली जात असे. तेव्हा या भागातील भिल्ल-भिलाला समाजाच्या कष्टकरी स्त्रीचाही तिच्यावर हक्क पोहोचतो. संशोधन व्हावे ते तिच्यासाठीही.

प्रेमचंद रायचंद यांनी मुंबईत मातोश्रींच्या नावाने राजाबाई मनोरा उभारण्यासाठी देणगी दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच शेठजींनी कलकत्ता विद्यापीठात उच्च अध्ययनासाठी शिष्यवृत्ती ठेवली, हे थोड्यांना ठाऊक असते. मनोरा डोळ्यांना दिसतो. विद्येला दिलेले दान दिसत नाही, पण ते पिढ्यान्‌पिढ्या फळते. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. रोगाच्या अभ्यासास दिलेल्या पैशात औषधदान आणि शास्त्रदान दोन्ही येतात.

म्हणून मंडळापुढे नम्र सूचना आहे. धर्मादायातून दरवर्षी एक ठराविक हिस्सा या कामासाठी बाजूला काढावा. रक्कम लहान असली तरी चालेल, खंड मात्र पडू नये. ती मान्यताप्राप्त वैद्यकीय महाविद्यालयास वा संशोधन संस्थेस द्यावी, आणि देताना अटी स्पष्ट लिहाव्यात: प्राण्यांवर प्रयोग होऊ नयेत, स्त्रीची संमती तिच्या भाषेत समजावून घ्यावी, आणि निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध व्हावा. कोणता प्रश्न आधी घ्यावा, हे ठरविणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक भगिनी असाव्यात, कारण दुखणे त्यांचे आहे. खर्चाचा जमाखर्च अशाच वार्षिक अंकात छापावा.

बंधुभगिनींनो, ज्या माऊलीने पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या घराचा हिशेब बिनचूक ठेवला, तिच्या उत्तरायुष्याचे पान आपण कोरे सोडले आहे. नव्या वर्षाच्या वहीपूजनाच्या दिवशी त्या पानावर पहिली रक्कम मांडावी, एवढीच विनंती.