मागणीपत्र: कानाच्या गाठी व आतल्या कानाच्या विकारांच्या निदानाची पहिली पायरी मावळातच असावी

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्याधिकारी, लोणावळा नगरपरिषद
मा. तहसीलदार, मावळ

महोदय,

मावळ तालुका व लोणावळा शहर येथील कानाच्या रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची आमची संघटना हे मागणीपत्र सादर करीत आहे. आमच्यात इंद्रायणी भात पिकवणारे शेतकरी आहेत, गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये काम करणाऱ्या महिला आहेत, चिक्कीच्या दुकानांतले नोकर आहेत, खडीच्या खाणींवर आणि तळेगावच्या कारखान्यांत राबणारे कामगार आहेत. कोणाच्या श्रवणाच्या नसेवरची गाठ काढली आहे, कोणाचा एक कान एका रात्रीत गेला आहे, कोणाला अंथरुणात कूस बदलली तरी घर फिरल्यासारखे वाटते. या सर्वांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष एकच आहे. पुण्या-मुंबईत उपचार उपलब्ध होते. नुकसान झाले ते निदानाला उशीर झाल्यामुळे.

कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया लोणावळ्यात किंवा वडगावात व्हावी, अशी आमची मागणी नाही. जिथे रोज अशा शस्त्रक्रिया होतात तिथेच ती व्हावी. रुग्णाचे हित त्यातच आहे. ऐकण्याची चाचणी, तिचा अर्थ लावणारा माणूस आणि योग्य वेळी दिलेली संदर्भ चिठ्ठी या तीन गोष्टी मात्र तालुक्यातच मिळाल्या पाहिजेत.

श्रवण आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर वाढणाऱ्या गाठीला वेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात अकूस्टिक न्यूरोमा हे जुने नावही येते. ही गाठ कर्करोगाची नसते. ती बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर इतकीच वाढते आणि काहींत वर्षानुवर्षे तेवढीच राहते. लहान असताना सापडली तर ठरावीक काळाने एमआरआय करून नुसते लक्ष ठेवता येते. साधारण तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर गामा नाइफसारख्या किरणशस्त्रक्रियेचा पर्याय राहतो. शस्त्रक्रिया करायची ठरली तरी शेजारून जाणारी चेहऱ्याची नस वाचण्याची शक्यता लहान गाठीत जास्त असते. गाठ मोठी होऊन मेंदूच्या देठावर दाब आला की हे पर्याय एकेक करून संपत जातात. पहिले लक्षण मात्र साधे असते: एका कानाला फोन लावला की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि त्याच कानात सतत शिट्टी वाजत राहते. अशा माणसाला कानात घालायचे थेंब देऊन घरी पाठवले की पुढची दोन-तीन वर्षे जातात.

अशी गाठ दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन जणांत सापडते. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख होती. त्या हिशेबाने मावळात वर्षाला चार ते आठ रुग्ण निघायला हवेत. हा आकडा लहान आहे आणि म्हणूनच आमची मागणी परवडणारी आहे. हे चार-आठ जण एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या कितीतरी लोकांत मिसळलेले असतात. त्यांना वेगळे काढायचे तर सर्वांचीच साधी चाचणी करावी लागते.

म्हणून पहिली मागणी सर्वांत स्वस्त वस्तूची आहे. तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नगरपरिषदेच्या दवाखान्यात 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि चालू स्थितीतला ऑटोस्कोप असावा. फोर्क काही शे रुपयांत येतो. तो कपाळावर व कानामागे टेकवून दोन मिनिटांत कळते, की दोष बाहेरच्या-मधल्या कानाचा आहे की आतल्या कानाचा व नसेचा. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यावयाच्या बारा सेवांत कान-नाक-घशाच्या नेहमीच्या आजारांची सेवा आहेच. कागदावरची ही सेवा प्रत्यक्षात यावी यासाठी वैद्यकीय अधिकारी व समुदाय आरोग्य अधिकारी यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण 60 दिवसांत घ्यावे. आशाताईंना तीनच प्रश्न शिकवावेत: एका कानाने कमी ऐकू येते का, एकाच कानात आवाज येतो का, तोल जातो का.

दुसरी मागणी ऑडिओमेट्रीची आहे, आणि आमचा सर्वाधिक भर तिच्यावर आहे. आंदर मावळातल्या खांडी-सावळ्याहून, नाणे मावळातल्या जांभवलीहून किंवा पवन मावळातल्या तुंग-मोरव्याहून निघालेला माणूस आधी मुख्य रस्ता गाठतो, मग लोकल किंवा एसटी धरतो आणि पुण्यात पोहोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद होण्याची वेळ झालेली असते. चाचणीची तारीख पुढची मिळते. दुसऱ्या खेपेला मजुरी पुन्हा बुडते आणि तिसऱ्या खेपेला तो येत नाही. घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने तर ही खेप टळतेच. त्यामुळे लोणावळा आणि वडगाव-कान्हे परिसर अशा दोन ठिकाणी सरकारी ऑडिओमेट्रीची सोय हवी. ध्वनिरोधक खोली, तपासून प्रमाणित केलेले यंत्र आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला श्रवणतज्ज्ञ आठवड्यातून दोन ठरलेले दिवस मिळावा. एकच तज्ज्ञ दोन्ही ठिकाणी फिरता असला तरी आमची हरकत नाही. खोली आणि यंत्र यांचा मिळून खर्च एका रुग्णवाहिकेपेक्षा कमी आहे. जिथे यंत्र आधीच आहे तिथे त्याचे दिवस व वेळ फलकावर लावावी. तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागाशी करार करून तपासणीचे दिवस वाढवण्याचा मार्गही जिल्हा प्रशासनाने तपासावा.

चाचणीनंतर काय करायचे याचा नियम लेखी हवा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2018 मध्ये ठरवलेला निकष सोपा आहे: लागून असलेल्या दोन स्वरपट्ट्यांवर दोन कानांत 15 डेसिबल किंवा अधिक फरक असेल तर एमआरआयचा विचार करावा. हाच किंवा याच धर्तीचा निकष जिल्ह्यासाठी परिपत्रकाने लागू करावा आणि चाचणीपासून 30 दिवसांच्या आत एमआरआयची तारीख द्यावी. असे एमआरआय केलेल्यांपैकी बहुतेकांना गाठ निघणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पहिल्या तपासणीला गॅडोलिनियमचे इंजेक्शन न देता आतल्या कानाच्या बारीक छेदांचा एमआरआय पुरेसा मानावा, शंका राहिली तरच पुढे जावे. त्याने वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

खर्चाचा प्रश्न इथेच येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. गाठ आहे की नाही हे ठरेपर्यंतचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तो निर्णय त्या विभागाच्या संस्थांपुरता आहे. तालुक्याच्या संदर्भ चिठ्ठीवर केलेला कानाचा एमआरआय, तो कोणत्याही सरकारी किंवा सरकारने करार केलेल्या केंद्रात झाला तरी, निःशुल्क धरावा.

अचानक आलेला बहिरेपणा ही तातडीची बाब म्हणून नोंदवली जावी. तीन दिवसांच्या आत एका कानाचे ऐकणे 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक उतरले, तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. या रुग्णाला ‘पुढच्या बुधवारी या’ असे सांगणे म्हणजे त्याचा कान सोडून देणे होय. त्याला 48 तासांत कान-नाक-घसा तज्ज्ञ मिळावा. प्रत्यक्ष शक्य नसेल तर ई-संजीवनीवरून सल्ला मिळावा. अशा प्रत्येकाचा एमआरआय पुढे व्हावा, कारण काहींत अचानक गेलेला कान हीच गाठीची पहिली खूण असते.

चक्करच्या रुग्णांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. चक्कर आली की अशक्तपणा, पित्त, रक्तदाब, मानेचा मणका अशी निदाने होतात. सलाइन लागते, मानेला पट्टा लागतो, गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. डोके एका बाजूला वळवल्यावर काही सेकंद गरगरणे हा बहुतेकदा आतल्या कानातले कण जागेवरून सरकल्याचा विकार असतो. तो डिक्स-हॉलपाइक चाचणीने तपासणीच्या पलंगावर ओळखता येतो आणि इप्ली पद्धतीने तिथेच, औषधाविना, बरा करता येतो. तासन्‌तास टिकणारी चक्कर, कान भरल्यासारखा वाटणे आणि कमी-जास्त होणारे ऐकणे ही मेनिएरच्या विकाराची लक्षणे वेगळी आहेत आणि त्यांचा उपचारही वेगळा आहे. मागणी अशी की तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात हे तंत्र येणारा किमान एक डॉक्टर असावा, आणि आठवड्यातून एक दिवस तोल सावरण्याचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट असावा. पोलादी पायाडावर किंवा खाणीच्या कड्यावर काम करणाऱ्या अथवा घाटात वाहन चालवणाऱ्या माणसाची चक्कर ही त्याच्या जिवाची बाब आहे.

मुलांच्या वाहत्या कानाकडे दुर्लक्ष होते, कारण ते नेहमीचे मानले जाते. दुर्गंधी येणारा पू मात्र कोलेस्टिएटोमाचा असू शकतो. ही कर्करोगाची गाठ नव्हे, पण ती हाड खात जाते, ऐकण्याची हाडे नष्ट करते आणि चेहऱ्याच्या नसेपर्यंत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा 2013 मध्ये आरंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत, शाळांत आणि आश्रमशाळांत जातातच. दुर्गंधीयुक्त पू असलेले प्रत्येक मूल 15 दिवसांत तज्ज्ञाकडे पोहोचले की नाही, याची नोंद पथकाने ठेवावी. पावसाळ्याआधी कातकरी व ठाकर वस्त्यांवर एक खास फेरी व्हावी. प्रौढांत वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानातून रक्त येऊ लागले किंवा कान सतत ठणकू लागला, तर थेंब बदलत न बसता बायोप्सीसाठी पाठवावे.

कामगारांबाबतची मागणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेला व्यावसायिक रोग म्हणून आला. तळेगाव व टाकवे येथील कारखान्यांत आणि खडी केंद्रांत कामावर घेताना व दरवर्षी ऑडिओग्राम व्हावा. कंत्राटी कामगारही त्यात यावेत आणि अहवालाची प्रत कामगाराच्या हाती द्यावी. एक गोष्ट विशेष नमूद करतो: गोंगाटाचा परिणाम सहसा दोन्ही कानांवर सारखा होतो. एकाच कानाचे ऐकणे घसरलेले दिसत असताना ‘मशीनच्या आवाजामुळे’ असा शेरा मारून अहवाल बंद करू नये. तो कामगार एमआरआयच्या निकषात बसतो.

उपचारानंतरही अडचणी राहतात. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात ऐकण्याचे दिव्यांगत्व दोन्ही कानांवरून मोजले जाते: दोन्ही कानांचे ऐकणे 60 ते 70 डेसिबल उतरले असेल तर कमी ऐकू येणारे आणि 70 डेसिबल उतरले असेल तर बहिरे. गाठीच्या शस्त्रक्रियेत एक कान पूर्ण गेलेला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेला, अंधारात भिंत धरून चालणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. केंद्राचा कायदा जिल्ह्यात बदलत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी अशा रुग्णांची माहिती एकत्र करून राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी शिफारस पाठवावी, इतके तर जिल्ह्याच्या अधिकारात आहे. तोपर्यंत लोणावळा नगरपरिषदेने व तालुक्यातील इतर स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठीच्या निधीतून, नियम परवानगी देतील तिथे, गेलेल्या कानाकडचा आवाज चांगल्या कानाकडे नेणाऱ्या श्रवणयंत्रासाठी साहाय्य करावे. डोळा मिटत नसलेल्या रुग्णांना डोळ्याचे थेंब व मलम आरोग्य केंद्रातूनच मिळावे. त्यासाठी पुण्याची खेप घालायला लावू नये.

या सर्वांवर देखरेखीसाठी तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तिमाही बैठक व्हावी आणि तीत संघटनेचे दोन प्रतिनिधी असावेत. किती जणांची ऑडिओमेट्री झाली, किती एमआरआयला पाठवले, किती दिवसांत तारीख मिळाली, हे तीन आकडे नावे वगळून दर तिमाहीला जाहीर व्हावेत.

ट्यूनिंग फोर्क, ऑटोस्कोप, प्रशिक्षण आणि फलक यांसाठी नवे पद किंवा शासननिर्णय लागत नाही. ही कामे 60 दिवसांत पूर्ण व्हावीत. ऑडिओमेट्रीची दोन केंद्रे चालू आर्थिक वर्षात सुरू व्हावीत. शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमानुसार या पत्रावर 45 दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तो मागणीनिहाय आणि लेखी द्यावा. जी मागणी मान्य होणार नाही तिचे कारणही नोंदवावे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी संघटनेचे प्रतिनिधी उत्तराची प्रत घेण्यासाठी आपल्या कार्यालयांत हजर राहतील.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
मावळ तालुका व लोणावळा शहरातील कानाचे रुग्ण व कुटुंबीय यांच्या वतीने