'टेन्शन'च्या पोटात काय दडलंय?

जोगेश्वरी पूर्वेला टेकडीवरच्या इस्माईल युसूफ कॉलेजच्या उतारावर किंवा स्टेशनबाहेरच्या कुठल्याही टपरीवर एक कटिंग संपेपर्यंत उभं राहा आणि एकच शब्द मोजा. टेन्शन. व्हायव्हाचं टेन्शन, पप्पांच्या नोकरीचं टेन्शन, तिनं मेसेज बघूनही रिप्लाय दिला नाही याचं टेन्शन. प्रेझेंटेशनमध्ये आपणच इंग्रजीत अडखळलो, त्याचंही टेन्शनच.

खरं तर आपल्या भाषेत या प्रत्येकाला वेगळं नाव आहे. व्हायव्हाआधी असते ती धास्ती. घरची असते ती काळजी. रिप्लायची वाट बघताना वाटते ती हुरहूर. आणि सगळ्यांसमोर अडखळल्यावर वाटते ती लाज. आपण सगळ्यांना एकाच डब्यात कोंबलंय. धास्तीवर तयारी हा उपाय आहे, काळजी कुणाला तरी सांगितली की हलकी होते. पण सगळंच टेन्शन असेल तर उपायही एकच उरतो: मोबाइल काढायचा आणि रील्स सरकवत बसायचं.

'इमोशनल इंटेलिजन्स' म्हणतात ते मुळात इतकं साधं आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली, १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकानं ती घरोघरी नेली आणि पुढे कॉर्पोरेट वर्कशॉपवाल्यांनी तिची पार पीपीटी करून टाकली. मूळ मुद्दा मात्र भावना ओळखणं, ती का आली हे समजणं आणि तिला हाताळणं एवढाच. त्याचा मार्कांशी संबंध आहे का? २०२० मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात ४२ हजारांवर विद्यार्थी होते. संबंध आहे, पण माफक. म्हणजे जादू नाही, अभ्यास करावाच लागतो.

मग एवढं महत्त्व कशाला? केटीमुळे. आपल्याकडे मुलं एका विषयात नापास झाली म्हणून कॉलेज सोडतात असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. केटी लागली की आधी वर्गातल्या ग्रुपवर बोलणं बंद होतं. मग त्या विषयाच्या मॅडम दिसल्या की जिना बदलायचा. घरी सांगायचं नाही, कारण मेघवाडीच्या किंवा बेहराम बागेच्या दहा बाय बाराच्या खोलीत आपण घरातले पहिलेच कॉलेजात गेलेले असतो, आणि 'काय तोंड दाखवू' हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. तेवढ्यात फॉर्मची तारीख निघून जाते. विषय एकच राहिला होता, गेलं मात्र अख्खं वर्ष. गंमत बघा, एटीकेटीचा अर्थच 'पुढे शिकायला परवानगी' असा आहे! कागद पुढे जा म्हणतो, लाज मागे खेचते.

ही लाज ओळखता येणं आणि ती असतानाही मॅडमच्या दारावर टकटक करता येणं, हे कौशल्य आहे. ते वर्गात शिकवता येतं का? मुंबई विद्यापीठाच्या फाउंडेशन कोर्समध्ये ताणतणाव आणि संघर्ष हे धडे होते, मॅस्लोही होता. आपल्या कित्येक सीनियर्सनी ताणावर टिपा लिहिल्या, त्याही आदल्या रात्री झेरॉक्स पाठ करून, प्रचंड ताणात! पोहण्यावर निबंध लिहून कुणी पोहायला शिकत नाही. त्यापेक्षा शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बेलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग करून बघा. परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं, मनात जी भीती आहे ती कागदावर लिहायची. ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती वाटते त्यांना याचा विशेष फायदा झाला. खर्च काय, तर एक कोरा कागद.

आता एक इशारा. भावना हाताळा म्हणजे राग गिळा, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. २०१७ मध्ये ऑनलाइन पेपरतपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा विद्यार्थी चिडले ते बरोबरच होतं. तो राग नीट ओळखून अर्जात, निवेदनात उतरवणं हीसुद्धा भावनिक समजच. व्यवस्थेची चूक आणि 'तू शांत राहायला शीक' हा सल्ला विद्यार्थ्याला, हा सौदा मला मान्य नाही.

म्हणून कॉलेजकडेही मागायला हवं. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. तुमच्या कॉलेजात ती व्यक्ती कोण आहे, कुठल्या खोलीत बसते, किती ते किती? ऑफिसात जाऊन विचारा, चार जण मिळून विचारा. माझी मागणी अगदी छोटी आहे: केटीच्या फॉर्मची नोटीस जिथे लागते, त्याच बोर्डावर, त्याच कागदावर त्या व्यक्तीचं नाव आणि वेळ छापा. तोवर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. फोन फुकट आहे, आणि मराठीतून बोलता येतं.