जवस खा, पण गोळी परस्पर सोडू नका

आज पिकाचं नाही, घरातलं लिहितो.

आमच्या कारभारणीची पाळी जाऊन चार वर्षं झाली. मागच्या साली तालुक्याला रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७२ निघालं. तेल तेच, भाकरी तीच, रानातलं कामही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल पहिल्यासारखं उचलत नाही. गोळी सुरू केली. तीन महिन्यांत १०४.

मग बाजारात एकाने गुग्गुळाचा डबा गळ्यात मारला, "झाडपाला आहे, अपाय नाही." हिने मला न सांगता गोळी सोडली. पुढच्या तपासणीला १६५! बोललो नाही काही, कारण गोळीची धास्ती मलाही होतीच.

गुग्गुळ आपल्याच देशातलं. लखनौच्या सीडीआरआयने त्यावर औषध केलं, बाजारातही आलं. पण २००३ साली अमेरिकेत शंभरेक लोकांवर तपासलं, तर एलडीएल उतरायचं सोडून थोडं वाढलंच. डिंकासाठी चिरा मारून मारून रानातली झाडं मरायला लागली ते वेगळंच.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. ज्या स्टॅटिन गोळीला आपण केमिकल म्हणून नावं ठेवतो, ती जपानच्या अकिरा एंडोंना पहिल्यांदा बुरशीतच सापडली. ट्रायकोडर्मा वापरणाऱ्याला याचं नवल वाटू नये. माझं म्हणणं एवढंच की डब्यात काय आणि किती आहे ते लिहिलेलं पाहिजे. बिनलेबलाचं टॉनिक कापसावर मारून आपण एकदा हात पोळून घेतलेत की.

जवसाचं मात्र सांगतो. त्यातला चिकट तंतू पोटातलं पित्त धरून बाहेर नेतो, ते भरून काढायला शरीर कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून आकडा थोडा उतरतो. थोडाच. अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून भाजून कुटायचं, वर पाणी भरपूर. लसूण, मेथी जेवणात असावीच, पण १६५ चं १०० त्यांनी होत नाही.

बैलाची लाळ्या-खुरकुताची लस आपण चुकवत नाही, अन् पन्नाशीच्या बाईचं रक्त कोण तपासतो?

आता गोळी परत चालू आहे, चटणीही. यंदा हरभऱ्याच्या कडेने जवसाचे चार तास टाकलेत. फुलं आली की फोटो टाकतो.