विमा किती लाखांचा? नव्हे, कशाकशाचा?

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ हाती पडते आणि नोकरीबरोबर आलेले सामूहिक आरोग्य विम्याचे छत्र बहुतेकांच्या डोक्यावरून निघून जाते. मग घाईघाईने खासगी पॉलिसी घेतली जाते. ‘पाच लाखांचे संरक्षण’ हे शब्द वाचून ज्येष्ठ नागरिक निश्चिंत होतो. ही निश्चिंती मात्र फसवी आहे. पाच लाख ही कमाल मर्यादा असते. तितके मिळेलच, असे वचन नसते.

सामान्यतः अशी पॉलिसी रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा आणि मोतीबिंदूसारख्या एका दिवसात उरकणाऱ्या शस्त्रक्रियांचा भार उचलते. परंतु म्हातारपणाचा खरा खर्च रोजचा असतो. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा, कवळी, शुश्रूषेसाठी ठेवलेली बाई हे सारे बहुधा विम्याच्या कक्षेबाहेरच राहते.

उरलेली मेख अटींमध्ये आहे. वीस टक्के सहभागाची अट असेल, तर तीन लाखांच्या मान्य दाव्यातील साठ हजार रुपये रुग्णालाच भरावे लागतात. खोलीभाड्याची मर्यादा पाच हजार असताना दहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाडेच नव्हे, डॉक्टरांचे व शस्त्रक्रियेचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकते. अशा अटींमुळे हप्ता कमी होतो, हे खरे. म्हणून त्या मुळात अन्याय्य नाहीत. अन्याय आहे तो त्या न सांगता पॉलिसी गळ्यात मारण्यात. ‘जुना आजार कशाला लिहिता?’ असा सल्ला देणारा एजंट तर ग्राहकाचा शत्रूच. कारण लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी समोर येतो.

शासन व नियामकांनी या दिशेने काही पावले निश्चित टाकली आहेत. 2024 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने नव्या पॉलिसीसाठीची पासष्टीची वयोमर्यादा काढून टाकली आणि पूर्वीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. सत्तरी ओलांडलेल्यांना तर उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाखांपर्यंतचे कवच मिळते. खासगी पॉलिसी घेण्यापूर्वी त्याचाही विचार व्हावा.

पण कायदा कागद देतो, तो वाचण्याची सवय देत नाही. पॉलिसीसोबत येणारे माहितीपत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ते मराठीत मागावे. तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. तेवढ्या अवधीत मुलासुनेसह ते ओळीने वाचावे. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे दाद मागूनही न्याय मिळाला नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्याची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत.

आयुष्यभर काटकसरीने जमवलेली पुंजी एका सहीवर सोपवायची, तर त्या सहीपूर्वी काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही, हे विचारणे हाच खरा शहाणपणा.