घरच्यासारखा थेरपिस्ट नको

‘आमचे समुपदेशक अगदी घरच्यासारखे! रात्री अकराला फोन केला तरी उचलतात, पैशांचं नावही काढत नाहीत.’ अशी तारीफ आपल्याकडे सर्रास ऐकू येते. वेळेचे, फीचे, ओळखीचे नियम पाळणारा थेरपिस्ट कोरडा आणि ते मोडणारा मायाळू, असा हा पक्ष आहे. मला तो मुळीच मान्य नाही.

१९०४ साली साबिना श्पीलराइन ही अठरा वर्षांची रशियन मुलगी झ्युरिकच्या बुर्गहोल्झली रुग्णालयात दाखल झाली. तिचे डॉक्टर होते कार्ल युंग. ती सुधारली, वैद्यकीय शिक्षण घेऊ लागली. पण पुढे दोघांच्या नात्याने उपचाराची वेस ओलांडली. युंग विवाहित होते. तिच्या आईने जाब विचारला, तेव्हा त्यांच्या पत्राचा आशय असा होता: मी फी घेतलेली नाही, त्यामुळे डॉक्टरची बंधनं मला लागू नाहीत, ती हवी असतील तर दर भेटीचे १० फ्रँक द्या. ज्या फुकट उपचारांना आपण माया समजतो, त्यांचीच युंगनी ढाल केली. इतक्या थोर बुद्धीच्या माणसाने हे लिहावं, याची आजही चीड येते.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी आधी युंगचीच पाठराखण केली. तरीही जून १९०९मध्ये याच प्रकरणावर युंगना लिहिताना त्यांनी पेशंटमुळे उपचारकाच्या मनात उसळणाऱ्या भावनांना ‘काउंटरट्रान्सफरन्स’ असं नाव दिलं.

मग थेरपिस्टने अहं मारूनच खोलीत बसावं का? तेही शक्य नाही. पेशंटविषयी आपल्याला द्वेषसुद्धा वाटतो, हे विनिकॉट या मनोविश्लेषक डॉक्टरने १९४९मध्ये उघड लिहिलं. कौतुकाची, कुणाला तरी आपल्यावाचून चालू नये याची भूक प्रत्येकाला असते. तिच्यासाठी मित्र आहेत, स्वतःची थेरपी आहे, सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख आहे. पेशंटच्या ताटात मात्र हात घालायचा नाही. आत्महत्येचे विचार येणाऱ्या पेशंटसाठी तातडीची सोय हवीच, पण ती आधी ठरवलेली, दोघांना माहीत असलेली. आपल्याशिवाय याचं काही खरं नाही, या समाधानासाठी रात्री उचललेला फोन वेगळा. ‘आता मला येण्याची गरज वाटत नाही’ असं पेशंट म्हणतो, तेव्हा मनातून दुखावल्या जाणाऱ्या थेरपिस्टने त्याच आठवड्यात सुपरव्हायझरकडे जावं.

आणि पेशंटने पहिल्याच भेटीत विचारावं: ‘तुमच्या कामावर देखरेख कोण करतं?’ या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.