आधी पत्र, मग पुस्तक



‘एजंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते विम्याचे हप्ते न्यायला येणारे गृहस्थ! पण लंडन-न्यूयॉर्ककडे पुस्तकांचेही एजंट असतात बरं का. तिकडचे बरेच मोठे प्रकाशक नवख्या लेखकाचं बाड थेट घेतच नाहीत. म्हणून लेखक आधी एजंटला एक पानी पत्र लिहितो. ते आवडलं तर एजंट हस्तलिखित मागवतो, प्रकाशक गाठून देतो आणि लेखकाच्या मिळकतीतून बहुधा शंभराला पंधरा या हिशेबाने आपला वाटा घेतो.

मराठीत असा मधला माणूस जवळजवळ नाहीच. आपण थेट प्रकाशकांनाच लिहायचं. पत्र मात्र तसंच लागतं, आणि घोडं अडतं ते तिथेच. माझंही अडलं होतं.

चार वर्षं दुपारच्या वेळात लिहिलेली माझी कादंबरी पुरी झाली, तेव्हा मी मोठ्या उमेदीने पत्र लिहिलं : ‘मी एक सामान्य गृहिणी. घरकामातून सवड मिळेल तसे काहीबाही खरडले आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.’ अशा सतरा ओळी! सोबत हस्तलिखित, तेही एकुलतं एक. ना उत्तर आलं, ना बाड परत आलं. सुदैवाने कच्च्या वह्या जपून ठेवल्या होत्या, त्यांवरून सगळं पुन्हा उतरवून काढलं. सहा महिने गेले त्यात.

पुढे एकदा नववीच्या वह्या तपासत होते. एका मुलीने अर्जात ‘विषय’च लिहिला नव्हता. मी सवयीने दोन गुण कापले आणि एकदम माझं पत्र आठवलं. त्यात कादंबरीचा विषय तरी कुठे होता? पाहुण्याला ताट वाढताना आपण म्हणतो ना, ‘काही विशेष नाही हो, साधंच केलंय.’ पाहुणा ते मनावर घेत नाही. पण ज्याच्या टेबलावर बाडांची चळत आहे, त्याने आपल्याच तोंडचं ‘काहीबाही’ खरं मानलं, तर दोष कुणाचा?

तेव्हा पत्र लिहायचं ते असं :

पहिल्या परिच्छेदात कादंबरीचं नाव, ती पूर्ण झाली आहे हे, आणि शब्दसंख्या. हाताने लिहिलं असेल तर एका पानावरचे शब्द मोजा आणि पानांच्या संख्येने गुणा.

दुसऱ्यात गोष्ट, चार-पाच वाक्यांत. कोण आहे, तिला काय हवंय, आडवं काय येतंय. मी दुसऱ्यांदा लिहिलं ते असं : ‘तिशीत वैधव्य आलेली सुमन सासरच्या ओसरीवर खानावळ सुरू करते. खानावळीचा जम बसतो आणि दीर घर विकायला काढतो. घरावर तिचे नाव नाही. पोट मात्र त्याच घरावर आहे.’ ‘वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल’ वगैरे लिहू नये. ते वाचकांना ठरवू द्यावं.

तिसऱ्यात स्वतःविषयी दोन ओळी. दिवाळी अंकात कथा आली असेल तर अंकाचं नाव आणि वर्ष. काहीच छापलं नसेल तर गप्प बसावं, माफी मागू नये. शेवटी पत्ता आणि फोन. सगळं एका पानात.

पाठवण्याआधी त्या प्रकाशकांची पुस्तकं वाचनालयात चाळून या. पाठ्यपुस्तकवाल्यांकडे कादंबरी धाडण्यात अर्थ नाही. सोबत काय हवं, छापील की ई-मेलने, हे विचारून घ्या. एकुलती प्रत मात्र कधीही देऊ नका.

प्रकाशकाने होकार दिला तरी कागद वाचूनच सही करा. आपल्याकडून पैसे मागितले तर ते पुस्तक आपण स्वखर्चाने काढतो आहोत, हे ओळखा. आणि हक्क किती वर्षांसाठी देतो आहोत ते लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात.

माझ्या दुसऱ्या पत्राचं काय झालं? महिन्याभराने दोन ओळी आल्या : ‘संपूर्ण हस्तलिखित पाठवावे.’ झेरॉक्स करून पाठवलंय. निर्णय अजून यायचाय. नकारही येईल कदाचित. पण या वेळी तो कादंबरी वाचून येईल, हे काय थोडं झालं?

तुमच्यापैकी कितीजणींची वही साड्यांच्या घडीखाली आहे, मला ठाऊक आहे. या आठवड्यात ती बाहेर काढा आणि आधी फक्त तो दुसरा परिच्छेद लिहा. ‘सामान्य गृहिणी’ हे दोन शब्द मात्र त्यात दिसता कामा नयेत. दिसले तर दोन गुण कापीन हं!