लहान केंद्राचा आकडा कोणी हलवावा?

८ जानेवारी १९५० रोजी धारवाड येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा गायक ज्या केंद्राचा संगीत सल्लागार होता, त्या केंद्राने या पठारावरील दोन पिढ्यांचे कान घडविले. पुढे २००७ साली त्याच गावी कृषी विज्ञान विद्यापीठाने आपले चिमुकले सामुदायिक केंद्र उभारले. पहिल्याचा आवाज अनेक जिल्ह्यांत पोहोचे. दुसऱ्याचा आसपासच्या गावांपुरता. परंतु दोघांचेही भांडवल एकच : आकाशातील लहरी. आणि या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

ही मालमत्ता सार्वजनिक असेल, तर तिच्या वाटपात थोरल्याचा शब्द शेवटचा आणि धाकट्याचा शब्द बिनमोलाचा, असे होता कामा नये. आज हा प्रश्न आम्ही उपस्थित करतो, त्यास कारण आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लहरींची फेरमांडणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला आहे. अधिकारास आमचा विरोध नाही. कोणत्याही सुव्यवस्थित राज्यास तो असलाच पाहिजे. आमची चिंता आहे ती तो वापरण्याच्या रीतीविषयी.

लहान केंद्राची ताकद ती किती? २००६ च्या धोरणाने सामुदायिक केंद्रास सर्वसाधारणपणे शंभर वॅटची शक्ती आणि तीस मीटरपर्यंतचा मनोरा मंजूर केला. एवढ्या बळावर आवाज पोहोचतो पाच ते दहा किलोमीटर. हुबळी ते धारवाड हे अंतरच सुमारे वीस किलोमीटर! म्हणजे असे एक केंद्र आपल्या जोडशहराच्या दोन्ही टोकांस एकाच वेळी नीट ऐकू येईल याची शाश्वती नाही. अशा केंद्राजवळ जाहिरातींचा पैसा नसतो, नामवंत कलावंत नसतात. त्याच्याजवळ असतो फक्त श्रोत्यांचा विश्वास आणि रेडिओच्या पट्टीवरील एक आकडा. शेतकऱ्याने बांधावर ठेवलेल्या रेडिओचा काटा त्या आकड्यावर एकदा बसला की वर्षानुवर्षे हलत नाही. प्रक्षेपकावरील आकडा बदलणे हे तंत्रज्ञाचे थोड्या वेळाचे काम असेल. त्या बांधावरचा काटा हलविणे हे मात्र महिनोन्‌महिन्यांचे काम आहे.

तथापि प्रत्येक केंद्राने आपल्या मर्जीस येईल तेव्हा आकडा बदलावा, असे आम्ही म्हणत नाही. बेळगावचे वेणुध्वनी, म्हसवडचे माणदेशी तरंग आणि बारामतीचे वसुंधरा वाहिनी ही तिन्ही केंद्रे ९०.४ मेगाहर्ट्झ या एकाच आकड्यावर बोलत आली, ती परस्परांतील अंतर आणि शक्तीची मर्यादा यांच्या जोरावर. ही मर्यादा मोडली तर काय होते? एकाच आकड्यावर दोन केंद्रांचे ध्वनी येऊन आदळले, तर एफएमचा रेडिओ सहसा दोघांचे मिश्रण ऐकवीत नाही. जो प्रबळ, तोच ऐकवितो आणि दुर्बळास गिळून टाकतो. यंत्राचा हा धर्म असेल. राज्याचा तो असता कामा नये. नियमन हवे ते याचसाठी, आणि न्याय्य हवे तेही याचसाठी.

न्याय्य फेरबदल कसा करावा, याचा धडा इतिहासात आहे. १९७५ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आशिया, आफ्रिका व युरोप या खंडांतील मध्यम लहरींवरील केंद्रांसाठी नऊ किलोहर्ट्झच्या अंतराची नवी योजना ठरविली आणि ती २३ नोव्हेंबर १९७८ रोजी अमलात आली. धारवाडच्या श्रोत्यांच्या ओळखीचा ७६५ किलोहर्ट्झ हा आकडा नऊच्या पाढ्यातला आहे, तो उगाच नव्हे. शेकडो बलाढ्य केंद्रांना तीन वर्षांची पूर्वसूचना मिळाली, सर्वांना एकच तारीख मिळाली. बलाढ्यांस जी सवड मिळाली, ती दुर्बळांस का मिळू नये?

अमेरिकेचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. तेथे जानेवारी २००० मध्ये कमाल शंभर वॅटच्या लहान केंद्रांचे नियम झाले. थोरल्या केंद्रांनी गोंधळाची हाकाटी पिटली आणि त्याच वर्षी कायद्याने या लहानांचा संकोच केला. पुढे तपासणीत ती भीती बव्हंशी निराधार ठरली व ४ जानेवारी २०११ रोजी नव्या कायद्याने ते जादा बंधन उठले. तेथे लहान केंद्राचे स्थान आजही दुय्यम आहे. थोरल्यासाठी त्यास जागा सोडावी लागू शकते. या असमानतेचे अनुकरण आम्हांस नको. परंतु तेथील एक तरतूद घेण्याजोगी आहे : शेजारच्या आकड्यावर सरकणे हा किरकोळ बदल मानला जातो, आणि व्यत्यय कमी होतो असे तांत्रिक पुराव्याने दाखविल्यास दूरचा आकडाही त्याच सोप्या वाटेने मागता येतो.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. एक : केंद्राचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आणि कारणे लेखी दिल्यावाचून त्याचा आकडा बदलू नये. दोन : बदल अटळ असेल तर निदान सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि काही आठवडे शक्य तेथे जुन्या व नव्या अशा दोन्ही आकड्यांवर बोलण्याची मुभा द्यावी. तीन : ज्याच्या सोयीसाठी बदल, त्याने खर्च सोसावा, मग तो थोरला प्रक्षेपक असो वा स्वतः सरकार. चार : व्यत्ययाने गांजलेले केंद्र स्वतःच नवा आकडा मागेल, तेव्हा दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेने ठरावीक मुदतीत होय किंवा नाही असे स्पष्ट उत्तर द्यावे. दिल्लीच्या टेबलावर अर्ज पडून राहणे हेही लहान केंद्रास मुके करणेच होय.

कोणी म्हणेल, एवढ्याशा केंद्रासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यास आमचे उत्तर असे : २००६ च्या धोरणाने या केंद्रांवर निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक स्तरावर निर्माण करण्याचे आणि शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत बोलण्याचे बंधन घातले आहे. कानडी, मराठी, उर्दू अशा अनेक जिभांनी बोलणाऱ्या आपल्या भागात या बंधनाचे मोल मोठे आहे. थोरल्या केंद्रास जी बोली परवडत नाही, तिला बोलावयास उरते ती हीच जागा. ज्या सरकारने लहानांस बोलण्याचे कर्तव्य सांगितले, त्याच सरकारने त्यांच्या बोलण्याची जागा न विचारता हलवू नये, इतकेच आमचे मागणे आहे. नियमांत या चार ओळी लिहिण्यास ना तिजोरी लागते, ना नवे खाते. लागते ती केवळ न्यायबुद्धी.